घरी रुग्णसेवा : मावशी हवी की सिस्टर?

‘उद्या घरी न्या’ असे डॉक्टर सांगतात आणि घरच्यांची धावपळ सुरू होते. कुणीतरी ब्युरोचा नंबर देते, फोनवर ‘एक नर्स पाठवा’ म्हणून सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात उभी राहते. ती नक्की काय शिकली आहे, हे बहुतेक घरांत विचारलेच जात नाही. पुढच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. म्हणून माणूस शोधण्याआधी कामांची यादी करा.

आधी कामे लिहून काढा

एक उदाहरण घेऊ. गिरगावच्या खोताच्या वाडीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या 78 वर्षांच्या आजींचे खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली. मधुमेह आहे, लघवीची नळी आहे, टाके अजून काढायचे आहेत. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरसोबत बसून त्यांची कामे अशी वाटता येतील :

- आंघोळ, डायपर, कूस बदलणे, भरवणे, धरून चालवणे : ही कामे अनुभवी आया किंवा मावशी करू शकते. पुरुष रुग्णासाठी वॉर्डबॉय मिळतो.
- ड्रेसिंग, शिरेतून इंजेक्शन किंवा सलाइन, लघवीची किंवा नाकातली नळी बदलणे : ही कामे नोंदणीकृत परिचारिकेचीच.
- इन्सुलिन पेन, साखर तपासणे, युरिन बॅग रिकामी करणे : ही घरच्यांना शिकता येतात. वॉर्डातच सिस्टरसमोर एकदा स्वतः करून बघा.

म्हणजे या आजींना चोवीस तास नर्सची गरज नाही. दिवसरात्र मावशी, ड्रेसिंगपुरती नर्सची फेरी आणि व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट एवढे पुरते. नर्सच्या कामाला आया ठेवली तर रुग्णाच्या जिवाला धोका होतो. आयाच्या कामाला नर्स ठेवली तर महिन्याभरात पैसे संपतात आणि सेवा अर्धवट सुटते.

ब्युरोला काय विचाराल?

‘हॉस्पिटलमध्ये काम केलंय’ म्हणजे नर्स नव्हे. एएनएमचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा, जीएनएमचा 3 वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा 4 वर्षांचा असतो. राज्यात काम करणाऱ्या परिचारिकेची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या परिचारिकेला त्यात अपमान वाटत नाही. शिवाय हे विचारा :

- ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी आहे का?
- पाळी 12 तासांची की 24 तासांची? सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार?
- ब्युरोचे कमिशन किती, आगाऊ रक्कम परत मिळते का, पावती मिळेल का?
- रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

उत्तरे लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस घरातले कुणीतरी सतत जवळ राहावे.

घर तयार करताना

खोताच्या वाडीसारख्या जागी गल्ल्या चिंचोळ्या, घरे जुनी लाकडी आणि अनेकांचे जिने बाहेरून चढणारे. ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येत नाही, त्यामुळे रुग्णाला खुर्चीवर बसवून वर न्यावे लागते. डिस्चार्जआधीच जिन्याची रुंदी मोजा आणि उचलायला माणसे ठरवा. खाली राहणारे नातेवाईक असतील तर पहिले काही आठवडे तिथे मुक्काम करणे सोपे जाते. हॉस्पिटलचा पलंग भाड्याने घेण्यापूर्वी तो सुटा करून वर नेता येईल का, हे दुकानदाराला विचारा.

घरी ऑक्सिजन लावणार असाल तर त्या खोलीत समई, उदबत्ती, गॅस, विडी-सिगारेट काहीही नको. लाकडी घरात हा नियम दुप्पट कडक पाळा. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ असू द्या.

रोजची वही

पाळी बदलते, माणूस बदलतो. वही बदलत नाही. औषधाची वेळ, साखर, रक्तदाब, किती खाल्ले, लघवी किती, शौचाला झाली का, कूस केव्हा बदलली, हे सगळे त्यात लिहा. सकाळ-संध्याकाळच्या पाळीची देवाणघेवाण घरच्या माणसासमोर व्हावी. डॉक्टरांशी बोलायला घरातली एकच व्यक्ती ठरवा, नाहीतर एकच गोळी दोनदा दिली जाते.

- स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर 2 तासांनी बदला. एअर बेड असला तरी हे चुकवू नका. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा. दाबूनही न जाणारा लालसरपणा म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात.
- युरिन बॅग कमरेच्या खाली अडकवा, पण जमिनीवर ठेवू नका.
- नाकातल्या नळीने भरवताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा आणि नंतर किमान अर्धा तास आडवे करू नका. नळी निघाली तर घरी परत घालू नका.
- रुग्ण जेवला नसेल तर इन्सुलिन देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

लगेच रुग्णालयात न्या

धाप लागणे, छातीत दुखणे, अचानक गुंगी किंवा बोलण्यात अडखळणे, थंडी वाजून ताप, लघवी बंद होणे, जखमेतून पू येणे. आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे. साखर 70 च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर आधी साखरेचे पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ॲम्ब्युलन्ससाठी 108 वर फोन करा आणि एका माणसाला गल्लीच्या तोंडाशी उभे करा.

पैसे आणि विमा

पॉलिसीत ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’ लिहिलेले असते, त्यावरून मावशीचा पगार मिळेल असे समजू नका. ज्या आजारासाठी एरवी दाखल व्हावे लागले असते, त्यावर घरी घेतलेल्या उपचारांसाठी ती तरतूद असते आणि सहसा ते 3 दिवसांहून जास्त चालावे लागतात. विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्या.

दोघांचाही मान राखा

अंघोळ घालताना पडदा ओढा, आजींना विचारून मगच हात लावा. अंगावर कारण न कळणारे वळ, नेहमीपेक्षा जास्त झोप किंवा मावशी समोर येताच गप्प होणे दिसले, तर आजींशी एकट्याने बोला. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

तसेच मावशीलाही वेळेवर जेवण, झोपायला जागा आणि सलग विश्रांती द्या. रात्रभर जागलेल्या बाईकडून दिवसा घरची धुणीभांडी करून घेतली तर तिसऱ्या रात्री कूस बदलायला ती उठणार नाही, आणि त्याची किंमत आजींची पाठ मोजेल.