काँग्रेस गवत आणि तारखांचा घोळ

गाजरगवताला आमच्याकडे सगळे ‘काँग्रेस’च म्हणतात. पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हातून ते आलं, हे शाळेपासून ऐकतोय. पण तारखा बघा. पुण्यात ते दिसलं १९५५ च्या सुमारास. भारताचा पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकेचा कर्जाऊ गहू तर १९५१ पासूनच येत होता. म्हणजे सगळं खापर एकाच करारावर फोडता येत नाही.

आणि आणलं कुणीही, पसरू आपण दिलं. एक झाड हजारो बिया टाकतं. शेतकरी रान साफ करतो. गायरानातलं, रस्त्याकडेचं बी पुन्हा येतं. उपटणाऱ्या बायांच्या हातांना खाज सुटते, हातमोजे कोण देतं? ग्रामसभेत विचारा, तेही फुलं धरायच्या आत.