पावसाळा संपल्यावर बाइक चालवताना: एबीएस, खडी आणि लवकर पडणारा अंधार

पाऊस गेला, ऊन पडलं, आता बाइक बिनधास्त पळवायची असं सगळ्यांनाच वाटतं. पण ऑक्टोबर हीटच्या दिवसांत रस्ता कोरडा असला तरी साफ नसतो. पावसात उखडलेल्या डांबराची बारीक खडी वळणावर आणि कडेला साचलेली असते. गावाजवळ सोयाबीन, मका रस्त्यावरच वाळत घातलेला असतो आणि ते दाणे टायरखाली छर्‍यांसारखे गडगडतात.

"पण माझ्या गाडीला एबीएस आहे ना!" असेल. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग सतत मोजतो. ब्रेक दाबल्यावर चाक लॉक व्हायला लागलं, की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते, तेही सेकंदात अनेक वेळा. त्यामुळे गाडी सरळ राहते. पण टायरची रस्त्यावरची पकड एबीएस वाढवत नाही, आणि सुट्या खडीवर तर थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, हेही माहीत असू द्या. छोट्या गाड्यांत आणि स्कूटरमध्ये बहुधा सीबीएस असतं: मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, एवढंच. चाक लॉक होणं ते थांबवत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना कमी करा.

खरा घोळ संध्याकाळी होतो. पुण्यात जुलैमध्ये सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारासच. म्हणजे कॉलेज किंवा ऑफिसातून सुटायची वेळ तीच, पण रस्ता आता अंधारात. त्यात सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि अनेकदा मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर.

आता हिशोब बघा. ताशी 60 वेगात बाइक सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. ट्रॉली दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. चांगल्या कोरड्या डांबरावर त्यापुढे आणखी 20 मीटर लागतात, म्हणजे एकूण 37. खडीवर पकड निम्मी झाली तर एकूण 57. लो बीमवर बिनलाइटची ट्रॉली 40 मीटरवर दिसली, तर खडीवर तुम्ही थांबणारच नाही. तोच वेग 40 ठेवला तर खडीवरही साधारण 29 मीटरमध्ये थांबता. (20 चा फरक घरी पोहोचायला किती मिनिटं वाचवतो, हे एकदा मोजून बघा.) काळ्या काचेचं हेल्मेट दिवसा भारी दिसतं, पण संध्याकाळी साधी काचच हवी.

राहिला फोन. मॅपकडे दोन सेकंद बघितलं की 60 च्या वेगात 33 मीटर न बघताच गेलात. हँडलच्या होल्डरमध्ये तो उन्हात तापतो, तापला की ब्राइटनेस कमी करतो. इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्याचं ओआयएस बिघडू शकतं, असं ॲपलनेच 2021 मध्ये सांगितलं होतं. निघण्याआधी रस्ता बघून घ्या, मॅपचा आवाज एका कानातल्या इयरफोनवर नको, स्पीकरवर ठेवा आणि फोन जॅकेटच्या वरच्या खिशात टाका. चुकलंच वळण, तर गाडी बाजूला घेऊन बघा.