खोडदच्या तबकड्या आणि हृदयाचं चित्र

पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या दुर्बिणीपायी अडला, तेव्हापासून आमच्या निमगाव सावात एक प्रश्न हटकून निघतो : या तबकड्यांचा माणसाला उपयोग काय? मग कोणीतरी ठोकून देतो, 'सीटी स्कॅन त्यातूनच निघालं.' तारखा पाहिल्या तर हे टिकत नाही. खोडदच्या 30 तबकड्या 1990च्या दशकात उभ्या राहिल्या. सीटीनं रुग्णाचा मेंदू पहिल्यांदा पाहिला 1 ऑक्टोबर 1971 रोजी, लंडनमध्ये. तरीही दोघांत नातं आहे, आणि ते या दोन्हींपेक्षा जुनं आहे.

खोडदची दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप 1953 साली सिडनीला शिकायला गेले. तिथे क्रिस्तियानसेन सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजत होते. त्यांच्या अँटेनांच्या रांगेला सूर्यावरचा एकेक ठिपका वेगळा दिसत नसे. एका अरुंद पट्टीतली सगळी बेरीज तेवढी मिळे. पृथ्वी फिरते तशी पट्टीची दिशा बदले. अनेक दिशांच्या या बेरजांवरून सूर्याचं चित्र उलगडायचं, तेही संगणकाशिवाय! त्या कामाला स्वरूप यांचा हात लागला. पुढे स्टॅनफर्डला त्यांचे गुरू झालेले ब्रेसवेल यांनी 1956 मध्ये या पट्ट्यांचं गणित मांडलं.

सीटीत सूर्याच्या जागी आपलं शरीर असतं. क्ष-किरण आरपार जाताना वाटेत किती शोषला गेला, त्याची बेरीज मिळते. यंत्र भोवती फिरून अशा बेरजा गोळा करतं. त्या नुसत्या उलट पसरल्या तर चित्र धूसर येतं. आधी त्यांच्यावर गाळणीसारखी एक गणिती क्रिया करावी लागते. ब्रेसवेल आणि रिडल यांनी ती 1967 मध्ये खगोलासाठी दिली. 1971 मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी ती क्ष-किरणचित्रांसाठी मांडली. जगभर तिला 'रॅम-लॅक' म्हणतात. 1979चं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळालं, ते रास्तच. पण आपल्याकडे रामचंद्रन म्हटलं की फक्त कोलॅजेन आठवतं, याचं मला वाईट वाटतं.

हृदय मात्र बराच काळ हाती लागलं नाही. पहिल्या यंत्राला एका फेरीला चार-पाच मिनिटं लागत. तेवढ्यात हृदयाचे तीनशेवर ठोके पडतात. ईसीजीशी मेळ घालून ठोक्यांमधला शांत क्षण पकडायला आणि एका फेरीत 64 काप घ्यायला 2004 उजाडलं. आता दंडाच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात आणि तीन-चार मिलिमीटरच्या रोहिणीत साचलेला थर, कॅथेटर न घालता, दिसतो.