पिसू चावते, पण लक्ष कुणाचं जातं?

पिसू चावली की आपण खाजवतो आणि विसरतो. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग फुटला तेव्हाही असंच झालं. घरं धुतली, सामान जाळलं, माणसं वेगळी ठेवली. पिसवेकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पाहिलं. काही रुग्णांच्या अंगावर सुरुवातीलाच एक बारीक फोड दिसायचा. हा चावा तर नसेल? जून 1898 मध्ये कराचीत त्याने काचेच्या बरणीत प्लेगचा उंदीर पिसवांसकट ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श शक्यच नव्हता, पिसवांना मात्र उडी मारता येत होती. काही दिवसांत वरचा उंदीर प्लेगने मेला. मग पिसवा नसलेल्या आजारी उंदरासोबत निरोगी उंदीर ठेवले, तर त्यांना काहीच झालं नाही.

इथे जरा थांबा. हा दुसरा भाग नसता तर पहिल्यावरून ठाम काही म्हणता आलं नसतं. यालाच आपण 'कंट्रोल' म्हणतो.

तरी त्याचं म्हणणं वर्षानुवर्षं कुणी मानलं नाही. पुढे मुंबईत लिस्टन आणि प्लेग कमिशनच्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. 1914 मध्ये बेकॉट आणि मार्टिन यांनी कारणही दाखवलं. जंतूंमुळे पिसवेची अन्ननलिका तुंबते, मग भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि जंतू जखमेत ओकते.

साधा चावा साबण-पाण्याने धुवा, खाजवू नका. आसपास उंदीर मरत असतील आणि ताप, गाठ आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आज यावर प्रतिजैविकं आहेत.

आणि प्रयोगवहीत तो 'बारीक फोड' लिहायला विसरू नका.