पोट न सुटता अंग कसं भरावं? घाई नको, हिशेब हवा

लग्न ठरलं की आपल्याकडच्या पोरांना दोन गोष्टी आठवतात, शेरवानी आणि जिम. वलीम्याला तीन महिने उरलेले असतात आणि तेवढ्यात छाती-दंड भरायचे असतात. मग एक तर दणकून खाणं सुरू होतं किंवा जिममधला कुणी तरी 'एक कोर्स कर, बघ कसा फुलतोस' म्हणून कानात सांगतो. पहिल्याने पोट सुटतं. दुसऱ्याने काय होतं ते पुढे सांगतोच. आधी सरळ रस्ता पाहू.

स्नायू हळूच वाढतो, त्याला इलाज नाही. नवीन व्यायाम सुरू केलेल्या तरुणाचा खरा स्नायू महिन्याला साधारण अर्धा किलो, फार तर एक किलो वाढतो, आणि तोही पहिल्या वर्षात. नंतर वेग कमीच होत जातो. म्हणजे महिन्यात चार किलो वजन वाढलं तर त्यातली बरीच चरबी समजावी. वजनाच्या पाव ते अर्धा टक्का दर आठवड्याला वाढ, हे प्रमाण धरून चालावं. ६० किलोच्या मुलासाठी ही वाढ आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम होते. काट्यावर ती नीट दिसतही नाही, म्हणून बरेच जण कंटाळून सोडतात.

आपल्या लोकांनी चरबीची काळजी जास्त का करायची, याला कारण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, अशी आपली ठेवण. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० सेंटीमीटर ही हद्द मानतात. ज्या घरात अब्बांना शुगर आहे त्या घरातल्या पोराने 'आधी फुगू, मग कमी करू' या फंदात पडूच नये, असं आमचं मत.

आता खाण्याचा हिशेब. रोजच्या गरजेपेक्षा २०० ते ३०० कॅलरी जास्त, बस्स. म्हैशीच्या दुधाचा एक मोठा ग्लास एवढ्याने ते भागतं. लोकांना वाटतं दोन प्लेट बिर्याणी जास्त हवी. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीतल्या खुराकाचं उदाहरणही बरेच जण देतात. बदाम, तूप, लिटरभर दूध, थंडाई. पण तो पैलवान पहाटेपासून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, वर मातीत लढतो. दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्याने तोच खुराक चालवला तर तो कमरेवरच बसणार.

स्नायूला लागतं ते प्रथिन. बसून राहणाऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम पुरतं, पण वजन उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो. त्यापुढे घेतलेलं फारसं कामी येत नाही. ६० किलोला म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण घरातच जमतो. सकाळी तीन अंडी, १८ ग्रॅम. दिवसभरात दीडशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन (कच्चं मोजून), ३३ च्या आसपास. दोन ग्लास दूध १३, पन्नास ग्रॅम मसूर डाळ १२, तीन चपात्या ९, वाटीभर दही ४, मूठभर फुटाणे ६. झाले की ९५. कोकणातल्या घरांना तर बांगडा आणि सुकट आहेच. चिकन रोज परवडत नसेल तर सोयाबीनच्या वड्या आणाव्यात, शंभर ग्रॅम सुक्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिन असतं. अम्मी नाक मुरडतील, पण खिम्यात अर्ध्याला अर्ध्या घालून पाहा.

अडचण खरी आहे ती आपल्या दस्तरखानाची. सालन कमी आणि चावल जास्त, वर तर्रीचं तेल. दालच्यात मटण दोन बोटी. चावल बंद करायची गरज नाही, व्यायामाला ताकद त्यातूनच येते. फक्त ताटात आधी बोटी, डाळ, दही, मग चावल, असा क्रम लावावा. आणि दिवसातून चार वेळा साखरेचा दाट चहा पिणाऱ्यांनी त्याच्या कॅलरी वेगळ्या धरू नयेत, त्या मोजल्या जातातच.

व्यायामाचं सांगायचं तर आठवड्यातून तीन दिवस पुरे. बैठक, खालून वजन उचलणं, छातीवरून ढकलणं, डोक्यावर ढकलणं, आपल्याकडे ओढणं, या पाच हालचालींत सगळं अंग येतं. प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळावं. खरी गोम वहीत आहे. आज ३० किलो आठ वेळा उचललं, तर पुढच्या खेपेला नऊ वेळा, बारा झाले की वजन थोडं वाढवायचं. वही नसलेला मुलगा वर्षभर तेच वजन उचलत राहतो आणि आरशात तोच दिसतो. जिमची फी जमत नसेल तर जोर, पुलअप्स आणि पाठीवर विटा भरलेली बॅग घेऊन बैठका, पहिल्या वर्षाला एवढं बास आहे. हे बहिणींनाही लागू आहे. वजन उचलल्याने बाई पुरुषी दिसत नाही, तेवढे हार्मोन्सच नसतात, उलट पुढे हाडं धरून राहतात.

झोप सात-आठ तास. ईशानंतर रात्री एकपर्यंत कट्ट्यावर बसून फजरला उठणाऱ्याचं अंग कधी भरायचं?

आता त्या 'कोर्स'बद्दल. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, डायनाबोल या नावाने जे मिळतं ते स्टेरॉइड. त्याने स्नायू वाढतो, हे खोटं नाही. पण बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, कधी कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर परत यायला अनेक महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. छातीला गाठी येतात, चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, गोळ्यांनी लिव्हरला मार बसतो. लग्नासाठी अंग कमावलं आणि लग्नानंतर मूल होईना म्हणून दवाखाने, अशी एक घरची गोष्ट आम्ही जवळून पाहिली आहे. पोराने दोन वर्षं घरात काही सांगितलं नव्हतं, सगळे सुनेलाच बोलत होते. दुसरं इंजेक्शन मेफेन्टरमाईनचं. ते भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवायला असतं. जिममध्ये ते जोश यावा म्हणून टोचतात. त्याने स्नायू वाढत नाही, रक्तदाब आणि ठोके तेवढे वाढतात आणि सवय लागते.

प्रोटीन पावडर हे औषध नाही, दुधाचंच प्रथिन आहे. जेवणातून भागत असेल तर गरज नाही. घेतलीच तर डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आणि पक्कं बिल पाहावं, कॅप्सूल असेल तर जिलेटिन कशाचं तेही. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम, निरोगी माणसाला चालतं. सुरुवातीला किलोभर वजन वाढतं ते पाण्याचं. रक्त तपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावं. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनही नको आणि प्रथिनही डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

रमजानमध्ये वाढवायचा हट्ट सोडावा, आहे ते टिकवावं. व्यायाम इफ्तारनंतर तास-दीड तासाने किंवा तरावीहनंतर, नेहमीच्या निम्मा, पण वजन तेवढंच. सेहरीत अंडी आणि दही, पाणी इफ्तार ते सेहरी थोडं थोडं. भजी-समोशांवर पोट भरलं तर महिनाभरात कंबर दोन इंच पुढे जाते आणि दंड बारीक होतात.

मोजमाप कसं ठेवायचं? आठवड्यातून तीनदा सकाळी उपाशी वजन, त्याची सरासरी. पंधरवड्याला बेंबीवरून टेप. वजन वाढतंय, वहीतले आकडे वाढतायत आणि कंबर जागेवर आहे, तर काही बदलू नये. कंबर दोन सेंटीमीटर सरकली तर एक ग्लास दूध कमी. तीन आठवडे काटा हललाच नाही, तर एक ग्लास जास्त.