विजेरीची किंमत

मराठींत ‘विजेरी’ असा नेटका शब्द असतांना घरोघरीं त्या वस्तूला ‘बॅटरी’च म्हणतात. “जिन्यांत काळोख आहे, जरा बॅटरी मार,” असें वडील माणूस सांगतो तेव्हां नळी, कांच, दिवा आणि आंतले सेल हें सारें त्याच्या लेखीं एकच असतें. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस हें खटकेल. पण या वस्तूचा इतिहास पाहिला म्हणजे लोकांनीं तिचें वर्म बरोबर ओळखलें असें म्हणावें लागतें. विजेरी स्वस्त घ्यावी कीं भारी, या प्रश्नाचें उत्तर बहुधा नळीच्या पोटांत असतें. तिच्या झळाळींत क्वचितच.

१८६६ सालीं झॉर्झ लक्लांशे या फ्रेंच शास्त्रज्ञानें जस्त आणि मँगेनीज डायऑक्साइड यांचा विद्युत्-घट तयार केला. त्यांत नवसागराचें पाणी असे, त्यामुळें तो जागचा हलवावयाची सोय नव्हती. वीस वर्षांनीं कार्ल गासनर या जर्मन गृहस्थानें तें पाणी प्लॅस्टरच्या लगद्यांत जिरविलें आणि जस्ताच्याच डबींत बंद केलें. घट कोरडा झाला, आडवा केला तरी सांडेनासा झाला, आणि तेथून विजेरी फार दूर राहिली नाहीं. १० जानेवारी १८९९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या इंग्रज कारागिराला तिचें पेटंट मिळालें: कागदाची नळी, तींत एकामागें एक ठेवलेले घट, टोकाला दिवा आणि पितळी परावर्तक. तें पेटंट ज्या कंपनीकडे होतें तिचा चालक कॉनरॅड ह्यूबर्ट हा रशियन साम्राज्यांतून अमेरिकेंत आलेला धडपड्या व्यापारी. त्यानें कांहीं विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांस वापरावयास दिल्या आणि त्यांची शिफारस जाहिरातींत छापली.

परंतु ही पहिली विजेरी अखंड जळत नसे. दिव्यांत कोळशाची तार, ती वीज फार खाई. आणि घट असे दुबळे कीं क्षणभर उजेड देऊन त्यांना विसांवा लागे. इंग्रजींत तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, हें नांव पडलें तें या उणीवेवरून! १९०४ नंतर टंगस्टनची तार आली, घट सुधारले, आणि उणीव गेली. नांव मात्र राहिलें. १९१४ सालीं ह्यूबर्टची कंपनी विकत घेतली ती नॅशनल कार्बन कंपनीनें, म्हणजे सेल बनविणाऱ्या कारखान्यानें. यांतलें व्यापारी मर्म उघड आहे. नळी गिऱ्हाईक एकदांच घेतें, सेल मात्र आयुष्यभर घ्यावे लागतात.

याची कडू प्रचीति १९३९ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील गृहस्थांना आली. युद्ध सुरू होतांच रस्त्यावरचे दिवे बंद झाले. विजेरीला पातळ कागदाचे पदर लावून ती जमिनीकडे रोखली तरच वापरण्यास मुभा होती. लोक विजेऱ्या घेण्यास धांवले, आणि थोड्याच काळांत आठ नंबरच्या सेलचा दुष्काळ पडला. ज्याच्याजवळ उत्तम, देखणी विजेरी होती तो आणि ज्याच्याजवळ पत्र्याची नळी होती तो, दोघेही सारख्याच काळोखांत चांचपडत घरीं जाऊं लागले.

हिंदुस्थानांत एव्हरेडीची कंपनी १९३४ सालीं कलकत्त्यास स्थापन झाली. पुढें पितळेच्या, निकल चढविलेल्या दोन-तीन सेलच्या नळ्या खेड्यापाड्यांत इतक्या रूढ झाल्या कीं लग्नाच्या आहेरांतही त्यांना जागा मिळाली. त्यांचें दुखणें एकच होतें. वीज देतांना सेलची जस्ताची भिंत स्वतःच झिजते. सेल आंत विसरला कीं ती फुटते, द्रव पाझरतो, आणि पुढच्या पावसाळ्यांत झांकण फिरतां फिरत नाहीं. या बाबतींत महाग व स्वस्त असा भेद नव्हता. १९७९ सालीं अमेरिकेंत अँथनी मॅग्लिका यानें अॅल्युमिनियमची दणकट मॅगलाइट काढली, तेव्हां नळीला दर्जा आला. उजेड मात्र जुन्या तारेच्या दिव्याचाच राहिला.

खरी क्रांति पुढें झाली. सोनी कंपनीचे लिथियम-आयन सेल १९९१ सालीं बाजारांत आले, आणि निळ्या प्रकाशाच्या एलईडीवरून १९९६ च्या सुमारास पांढरा एलईडी सिद्ध झाला. त्या निळ्या दिव्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज शंभर-दीडशे रुपयांची विजेरीही आजोबांच्या पितळी नळीहून लख्ख असते. मग चार हजार कशाचे मोजावयाचे?

डब्यावर छापलेल्या लूमेनच्या आंकड्याचे तर खासच नव्हेत. डोळा प्रकाशाची वाढ प्रमाणांत मोजीत नाहीं; आंकडा दुप्पट झाला तरी फरक जेमतेम जाणवतो, आणि झोत दुप्पट लांब जावयास त्याची तीव्रता चौपट लागते. शिवाय २००९ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या मापनपद्धतींत प्रकाश मोजतात तो पेटविल्यावर अर्धें मिनिट ते दोन मिनिटांच्या आंत, आणि विजेरी ‘चालण्याचा’ काळ धरतात तो मूळ उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत. म्हणजे ‘हजार लूमेन, दहा तास’ याचा अर्थ दहा तास हजार लूमेन असा मुळींच नाहीं. स्वस्त मालावर तर असें कोणतेंच माप पाळलेलें नसतें.

भारी विजेरींत पैसा जातो तो बटणांत, पाणी अडविणाऱ्या रबरी कड्यांत, आणि सेल उतरत असतांही दिव्याला ठराविक प्रवाह पुरविणाऱ्या लहानशा मंडलांत. स्वस्त विजेरी पहिल्यांदा दगा देते ती बटणापाशीं. मीटरची पेटी पाहण्यास तेवढें चालतें. तळहातावर दोन थापा मारल्या कीं ती पुन्हां लागते. भाद्रपदांत कोंकणांतल्या वाडीवर रात्रीं पाणंदीनें जाणाऱ्या मुंबईकराला त्या थापा परवडत नाहींत. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबरमधले होते. मातीच्या रंगाचें फुरसें दिसावयाला अर्धा मैल जाणारा झोत नको. पायांपुढें दोन पावलें पसरणारा, मध्येंच न विझणारा शंभरएक लूमेनचा उजेड पुरे. तेव्हां रात्रीं चालणाऱ्याच्या हातीं मध्यम किंमतीची, पण बटण पक्कें असलेली विजेरी असावी. तीस हजारांच्या झगमगाटाची जरूर नाहीं.

घरांतल्या जिन्यासाठीं साधे सेल घालावयाची स्वस्तांतली विजेरी खुशाल घ्यावी, वाटल्यास दोन. भिंतीच्या प्लगांत थेट खोंचावयाची स्वस्त विजेरी मात्र पारखून घ्यावी. तशा पुष्कळ विजेऱ्यांत शिशाचा संचायक घट असतो. तो उतरलेल्या स्थितींत महिनोन् महिने कपाटांत पडला कीं निकामी होतो, आणि वीज जाते त्याच रात्रीं तें कळतें. साध्या विजेरीचे सेल बाहेर काढून तिच्या शेजारींच ठेवावेत, आणि ज्येष्ठांत पहिल्या सरीआधीं ते घालून एकदां बटण दाबून पाहावें.