नवसागराचा धूर

काशीच्या राजाघाटाचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी 1803 साली इंग्रजांचा तनखा पत्करला आणि पुढील आयुष्य उत्तरेत घालविले. ब्राह्मण व विद्यार्थी यांच्यासाठी या घाटावर त्यांचे अन्नसत्र होते. अन्नसत्र म्हटले की तांब्यापितळेची भांडी आली, आणि भांडी आली की कल्हईवाला आला. नाही तर आंबट पदार्थ कळकायचा. तापलेल्या भांड्यात कल्हईवाला चिमूटभर नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कथील सर्वत्र पसरते. आजची गोष्ट त्या धुराची आहे.

तापविल्यावर नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन वायू होतात. आम्ल भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते. उरलेले वायू थंड हवेत पुन्हा एकत्र येतात. तोच हा पांढरा धूर. एकत्र येताना अमोनिया आम्लातील प्रोटॉन घेऊन धनभारित अमोनियम बनतो, क्लोराइड ऋणभारित राहतो. परंतु या दोघांत केवळ विद्युद्भारांचेच आकर्षण असते काय?

दोन अणूंच्या मध्ये राहून हायड्रोजन त्यांना बांधू शकतो, हा विचार 1920 साली लॅटिमर व रोडबुश यांनी मांडला. नवसागराच्या स्फटिकात अमोनियमभोवती घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ क्लोराइड असतात. अमोनियमला हायड्रोजनचे हात मात्र चारच. मग ते कोणत्या चौघांकडे वळावेत? उणे 30 अंश सेल्सिअसच्या सुमारास या स्फटिकाची विशिष्ट उष्णता एकाएकी बदलते, असे 1922 साली सायमन यांना आढळले. त्या तापमानाच्या वर अमोनियम मुक्तपणे फिरू लागत असेल, असे पाउलिंग यांनी 1930 साली सुचविले. हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन असल्याने क्ष-किरणांना तो जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निकाल लागेना. अखेर 1952 साली लेव्ही व पीटरसन यांनी न्यूट्रॉनांच्या साहाय्याने तो लावला. अमोनियम भिरभिरत नाही. त्याचे हात एक सोडून एक अशा चार कोपऱ्यांकडे, नाही तर उरलेल्या चारांकडे वळलेले असतात. थंडीत मात्र सारे एकाच बाजूस वळतात.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी अमोनियाचे नातलग असलेल्या अमाइनांची मोठी वलये व पिंजरे रचले. 1968 साली पार्क व सिमन्स यांनी प्रोटॉन घेतलेल्या अशा पिंजऱ्यात क्लोराइड कोंडल्याचे दाखविले. 1976 साली ग्राफ व लेन यांच्या पिंजऱ्यात चार नायट्रोजन होते. चौघांनी प्रोटॉन घेतले आणि मध्ये क्लोराइड धरला. नवसागरात नायट्रोजन मध्ये व क्लोराइड भोवती. येथे क्लोराइड मध्ये व नायट्रोजन भोवती. जुनेच जाळे जणू आतले बाहेर झाले! किंचित मोठ्या ब्रोमाइडला मात्र हाच पिंजरा फार सैल धरतो. अशा रेणूंच्या अभ्यासाबद्दल 1987 साली लेन यांना पेडरसन व क्रॅम यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

हायड्रोजन बंध एकटा दुबळाच. परंतु चार बंध योग्य अंतरावर, योग्य दिशेने पुढे आले, तर पाण्याच्या गर्दीतूनही नेमका क्लोराइड वेचून घेतात. स्टीलच्या भांड्यांमुळे कल्हईवाल्याची हाक आता क्वचितच ऐकू येते. ती कधी कानी पडली, तर क्षणभर थांबून तो धूर पाहावा: सुटलेले हात तेथे पुन्हा जुळत असतात.